अर्ध्या शेपटीचा रावस

खारवाडीत घरी शिजणाऱ्या रावसाची शेपटी कधी पूर्ण नसते. दोन पातींपैकी वरची पात कापलेली असते, आणि ती नीट कापली की नाही हे बघायचा मान श्यामदादांचा. मान म्हणजे खरं तर काम. पण कामाला मान म्हटलं की माणूस ते वर्षानुवर्षं बिनतक्रार करतो, हे देवळाच्या कारभारात मुरलेल्या माणसांना बरोबर ठाऊक असतं.

बोरीवलीच्या पश्चिमेला इमारती संपल्या की तिवरांची झाडी लागते, तिवरांच्या पलीकडे खाडी, आणि खाडीच्या काठाला ही खारवाडी. गावच्या होड्या समुद्रात जातात, त्यांची मासळी बाजारात जाते, त्याला कुणाची ना नाही. खाडी मात्र घरच्या टोपासाठी. ओहोटी लागली की बांधावर उभं राहायचं, शिशाच्या मण्यांचं गोल फेकजाळं हाताने फेकायचं आणि देवीने दिलेला रावस घरी नेऊन शिजवायचा. विकायचा नाही.

पूर्वी विकायचे. अंधेरीच्या हॉटेलांची माणसं थर्माकोलचे खोके घेऊन बांधावर बसायची, आणि गाव त्यांचे खोके भरून द्यायचं. मग एका मोसमात खाडीत रावसच येईना. खोकेवाले दुसऱ्या खाडीवर गेले. गावाला दुसरी खाडी नव्हती. तेव्हा जमातीने, म्हणजे गावच्या पंच मंडळींनी, देवीसमोर नारळ ठेवून नियम केले.

पात बांधावरच कापायची, घरी जाऊन नाही, म्हणजे कापलेल्या शेपटीचा मासा बाजारात दिसला की कुणीही ओळखेल. बर्फ लावायचा नाही, कारण बर्फ लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची वाट बघणं. त्याच दिवशी शिजवायचा. जास्त झाला तर मीठ लावून सुकवायचा. त्याहून जास्त झाला तर शेजारी द्यायचा. आणि शेजारीही नको म्हणाले तर एवढा पकडलासच कशाला, असं श्यामदादा विचारणार. गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, गावातल्या बाळंतिणीला. डोकं घरातल्या वडीलधाऱ्याला, त्याला दात असोत वा नसोत. काटे परत खाडीला.

शेवटचा नियम श्यामदादांनी स्वतः घालून दिला होता. रावस कुणालाही द्यावा, हवा तेवढा द्यावा, पण बदल्यात काही घेऊ नये. त्याचं असं झालं की, गावातल्या एकाने मेव्हण्याला रावस दिले आणि मेव्हण्याने त्याला फ्रीज दिला. दोघेही म्हणाले, हे प्रेम आहे. श्यामदादांनी फ्रीज उघडून बघितला. आत बर्फात आणखी प्रेम ठेवलेलं होतं.

नियम मोडणाऱ्याचं जाळं देवळाच्या तुळईला टांगायचं, ते पुढच्या नारळी पौर्णिमेलाच खाली.

श्यामदादांना स्वतःला जाळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. होडी केव्हाच गेली होती, गुडघे तिच्यानंतर गेले. उरलं होतं ते स्वतःच्या हाताने विणलेलं हे एक फेकजाळं. गाठीगाठीला देवीचं नाव घेऊन विणलेलं. त्यामुळे विणायला वेळ लागला, पण जाळं कधी फाटलं नाही. ओहोटीची वेळ झाली की ते खांद्यावर टाकून श्यामदादा बांधावर जायचे. कधी मिळायचं, कधी नाही. पण खाडीकडे जायला माणसाला काही कारण लागतं, आणि त्यांच्यापाशी तेवढं एकच उरलं होतं.

यंदा दसऱ्यानंतर प्रेमाचं प्रकरण झालं. प्रेमा म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या चंद्रप्रकाशची बायको. चंद्रप्रकाश डेपोत बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी जाळं टाकतो. त्याला मिळालेला रावस प्रेमाने टोपात घालून कुर्ल्याला नणंदेकडे पाठवला. नणंदेने टोप परत पाठवला तेव्हा त्यात नारळ होता आणि त्यावर घडी घातलेला ब्लाउजपीस.

"बदल्यात घेतलंस," श्यामदादा म्हणाले.

"बदल्यात कसलं, दादा? रिकामा टोप परत देतं का कुणी? तुमच्या घरातून देतात?"

"नियम म्हणजे नियम."

"मी काय तिला ब्लाउजपीस दे म्हणाले होते?"

"फ्रीजवाला पण हेच म्हणाला होता."

जाळं टांगलं गेलं. तेव्हापासून प्रेमा बोरीवलीच्या बाजारात जाऊन मासळी विकत घेत होती. कोळीवाड्यातल्या बाईला ह्याच्यापुढे सांगायला काही उरत नाही. ती पिशवी पदराखाली घेऊन गल्लीत शिरायची, आणि श्यामदादांच्या दारावरून जाताना पाऊल मुद्दाम आपटायची. श्यामदादांच्या बायकोशी, शांताबाईंशी, मात्र ती पूर्वीसारखीच बोलायची. त्यामुळे दादांना आपल्याबद्दल काय बोललं जातं ते रोज घरबसल्या कळत होतं.

कार्तिकात देवीच्या देवळात पाच संध्याकाळी कीर्तन असतं. त्या दिवसांत गावात मासळी शिजत नाही. मांजरंसुद्धा समोरच्या सोसायटीत राहायला जातात आणि उत्सव आटोपला की परततात. कीर्तनाला मुलुंडहून हेमांगीताई येतात. कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की त्यांनी पहिला गजर केला की माइकवाला आवाज कमी करायला धावतो. त्यांच्या साथीला पेटीवर रामचंद्रभाऊ. राहायला नाहूरला, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. बोटं सुरात आणि बोलणं अजून गावात.

उत्सवाच्या आदल्या दिवशी रामचंद्रभाऊ देवळातली पेटी तपासायला आले. खाडीची दमट हवा पेटीला लागते, दोन सूर दरवर्षी रुसून बसतात. काम झाल्यावर ते श्यामदादांकडे चहाला थांबले. दादांना त्या दिवशी चांगला रावस मिळाला होता. शांताबाईंनी स्टीलच्या डब्यात तुकड्या भरल्या, वर ती अर्धी शेपटी ठेवली, म्हणजे कुठेही गेला तरी हा घरचा हे कळावं, आणि म्हणाल्या, "भाऊ, आजच खा. उद्यापासून आपलं बंद."

रामचंद्रभाऊंनी डबा असा धरला की पेटीसुद्धा त्यांनी कधी तशी धरली नसेल.

शेवटच्या संध्याकाळी हेमांगीताईंनी उत्तररंगाला एका म्हातारीची कथा लावली. भर उन्हात दाराशी एक वाटसरू येतो. म्हातारीकडे एक म्हैस आणि वाटीभर ताक. ती ताक देते. वाटसरू पितो, वाटी परत देतो आणि निघून जातो. म्हातारी बघते तर वाटी लोण्याने भरलेली. काढावं तितकं लोणी, संपतच नाही. वाटसरू कोण होता हे ताईंनी सांगायच्या आतच मंडपातल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी ताईंनी सांगितलं तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. श्यामदादांचे सगळ्यांत आधी. ते दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचे आणि दरवर्षी रडायचे. त्यासाठी धुतलेला पंचा आणायचे.

डोळे पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, ताक देऊन लोणी घेतलं, म्हणजे बदल्यात घेतलं. ह्या न्यायाने म्हातारीची म्हैस देवळात आणून बांधावी लागेल. कीर्तनात बसून असा विचार येणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी जोरजोरात टाळ्यांचा ठेका धरला.

आरती झाली. प्रसाद वाटायला लागणार, तेवढ्यात रामचंद्रभाऊंनी माइक घेतला.

"मंडळीनू, माका भाषण येणा नाय. पण शांतावहिनींनी जो रावस दिल्यानी ना, तसो रावस मी ल्हानपणी गावाक खाल्लेलो, त्याच्यानंतर आत्ता. बायको म्हणाली, डबो रिकामो दिवचो नाय." त्यांनी पिशवीतून तोच स्टीलचा डबा काढला. आत काय आहे ते शेवटच्या रांगेलाही कळावं म्हणून त्यांनी तो माइकजवळ धरून हलवला.

खट्. खट्. खट्.

खटखटे लाडू. शेव आणि गुळाचे, एका जत्रेत घेतले तर पुढच्या जत्रेपर्यंत टिकणारे. रिकामा डबा असा वाजत नाही, हे लहान पोरालाही कळलं असतं.

लोकांनी डब्याकडे बघितलं, मग श्यामदादांकडे, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या, तुळईला टांगलेल्या चंद्रप्रकाशच्या जाळ्याकडे. एकटी प्रेमा समोर बघत होती, हात जोडून, जशी काही आरती अजून चालूच आहे.

"रामचंद्रभाऊ," श्यामदादा म्हणाले, "डबा ठेवा. लाडू परत न्या."

"परत? अरे देवा! दादांनू, लाडू परत नेलंय तर बायको माका दारात उभो करूची नाय."

"आमच्या गावात चालत नाही."

"लाडू चालनत नाय?"

"बदल्यात चालत नाहीत."

"बदल्यात खंय? डब्यात!"

आता प्रेमा उठली. तिने पदर खोचला, पण आवाज चढवला नाही.

"दादा, माझी नणंद पण हेच म्हणाली होती. तुम्ही तेव्हा काय बोललात ते सांगा ना जरा. माइक चालू हाय."

माइक खरंच चालू होता. माइकवाल्याने तो बंद करायला हात पुढे केला आणि श्यामदादांनी त्याला खुणेने थांबवलं.

"मी म्हणालो, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. मंडपाच्या चारही कोपऱ्यांतून ते त्यांना परत ऐकू आलं.

कुणीतरी हेमांगीताईंना म्हणालं, ताई, तुम्हीच काय ते सांगा. ताई चिपळ्या फडक्यात गुंडाळत होत्या.

"मी म्हातारीचं सांगितलं, ते देवाचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जमातीत मी काय बोलणार? एवढंच सांगते, लाडू आजच खा. उद्या त्यांना दात लागायचा नाही."

श्यामदादा घरी गेले आणि आपलं जाळं घेऊन आले. पाच दिवसांत ते कोरडं ठणठणीत झालं होतं. प्रसादाची पानं हातात घेऊन लोक बाजूला सरले. दादा स्टुलावर चढू लागले तेव्हा स्टूल डगमगलं, आणि ते धरायला चंद्रप्रकाशच पुढे झाला.

"डावीकडचा खिळा घ्या, दादा," तो म्हणाला. "उजवा ढिला हाय. माझं दोनदा पडलं."

रात्री जेवणं झाल्यावर शांताबाईंनी डबा पुढे ठेवला.

"अवो, खा आता. नियम तर मोडलाच हाय, निदान तोंड गोड करा."

"तू घेतलासच कशाला डबा?"

"मी काय त्याला लाडू दे म्हणाले होते?" असं म्हणून शांताबाई थांबल्या, कारण हे वाक्य त्यांनी आधी कुठे ऐकलं ते त्यांना आठवलं. दादांनाही आठवलं. मग दोघं लाडू फोडत बसले. दादांनी तीन खाल्ले, शांताबाईंनी एक. पाचवा खलबत्त्यालाही बधला नाही, तो डब्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला श्यामदादा उठले, खांद्यावर हात नेला, आणि तो तसाच खाली आणला. बांधावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांच्या रावसाच्या पाती कापून झाल्यावर करायला काही राहिलं नाही. जाळं असताना तासन्‌तास उभं राहिलं तरी कुणी काही विचारत नाही. रिकाम्या हाताने उभं राहिलं की येणारा जाणारा विचारतो, दादा, बरं नाही का?

तिसऱ्या दिवशी शांताबाईंनी हातात पिशवी दिली. "बाजारात जा. सगळं जग जातं."

बोरीवलीच्या बाजारात श्यामदादा जन्मात मासळी घ्यायला गेले नव्हते. तिथे ते एकेका टोपलीपुढे वाकले, रावस उचलला, शेपटी बघितली, ठेवला. दुसरा उचलला, शेपटी बघितली, ठेवला. सगळ्या शेपट्या पूर्ण होत्या. त्यांना बरं वाटलं.

"काका," कोळीण म्हणाली, "मासली घ्यायला आलाव का पंचनामा करायला?"

"बघतोय."

"अवो, लोक कल्ला बघतात. तुम्ही मघापासून मागनंच काय बघताय?"

मागे कुणीतरी हसलं. प्रेमा होती. इतक्या दिवसांत तिने दादांकडे नीट बघितलं नव्हतं, आता बघितलं. दादांच्या हातात मोकळी पिशवी, पायात खाडीच्या चिखलाने पांढरट पडलेल्या चपला, आणि चेहरा असा की बाजारात हरवलेलं पोर बरं.

"घरी जा, दादा," ती म्हणाली. "हे तुम्हाला नाय जमायचं. मला पण पहिल्या दिवशी नव्हतं जमलं. मी तर रडत गेले होते."

दादा रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

दुपारी प्रेमाने टोप पाठवला नाही, स्वतः घेऊन आली. ओट्यावर ठेवला, झाकण काढलं. रावसाचं कालवण, चिंचेचा कोळ घातलेलं, आणि मधोमध, रश्शावर, शिजलेली शेपटी. पूर्ण. दोन्ही पाती शाबूत.

"बाजारचा हाय," प्रेमा म्हणाली. "बघून घ्या. ह्याला तुमचा नियम लागत नाय. टोप परत देताना काय भरायचं ते भरा."

आणि पाऊल न आपटता निघून गेली.

श्यामदादा जेवले. चव चांगली होती. बर्फातला मासा होता, तरी. हात धुऊन ते टोपाकडे बघत बसले. शांताबाई म्हणाल्या, तांदूळ भरते. मग म्हणाल्या, नाहीतर खोबरं देते. दादांनी नको म्हणून मान हलवली, टोप स्वतः घासला आणि बगलेत मारून देवळात गेले. वाटेत जमातीच्या मंडळींना हाका मारल्या.

मंडळी मंडपात बसली. दादांनी टोप मधे ठेवला.

"ह्यात आलेला मासा बाजारचा होता. म्हणजे ह्यात काय घालून परत द्यायचं, तो माझा प्रश्न. मला चंद्रप्रकाशचं जाळं घालायचं आहे."

"दादा, ते शिक्षेत हाय."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं." दादांनी घसा साफ केला. "भांडं भरून परत देणं म्हणजे मोबदला नव्हे. प्रेमाने मागितलं नव्हतं. नणंदेने भाव ठरवला नव्हता. आमच्या हिनेही लाडू मागितले नव्हते. मी ते विक्रीत धरलं. माझं चुकलं."

मग एक म्हातारे पंच म्हणाले, "आणि उद्या कुणी फ्रीज आणला तर?"

"फ्रीज टोपात मावत नाही," श्यामदादा म्हणाले.

मंडळींनी ह्यावर नीट विचार केला आणि नियम झाला. ज्या भांड्यातून रावस दिला, त्याच भांड्यात जे मावेल ते परत आलं तर चालेल.

"मग तुमचं पण उतरवू या, दादा. लाडू तर डब्यात मावलेच होते."

"माझं राहू दे."

"अवो, का?"

"नियम बदलला आणि त्याच दिवशी माझं जाळं खाली आलं, तर उद्या माझ्या तोंडून नियम कोण ऐकेल? नारळी पौर्णिमेला उतरवा. आणि तसंही," दादा म्हणाले, "मी तीन लाडू खाल्ले. प्रेमाने तो ब्लाउजपीस अजून शिवलेला नाही."

चंद्रप्रकाशचं जाळं खाली आलं. पण ते टोपात मावेना. नियम नुकताच झाला होता, पंच अजून समोर बसले होते, तेव्हा मावणं भाग होतं. श्यामदादांनी मांडी घातली. जाळं पसरलं, धूळ झटकली, एक गाठ सैल दिसली ती देवीचं नाव घेऊन आवळली. घडी घातली, दाबली. एका बाजूने मणी बाहेर आले. पुन्हा उलगडलं. पंचांपैकी कुणी हसलं नाही, हे त्यांचं मोठेपण. तिसऱ्या खेपेला मणी तळाशी गोल बसवून वरून जाळं कोंबलं आणि झाकण ठेवून त्यावर हात दाबून धरला.

"मावलं?" दादांनी विचारलं.

"मावलं," जमातीने सांगितलं.

गल्लीतून चालताना टोपात शिशाचे मणी वाजत होते. प्रेमा दारात तांदूळ निवडत बसली होती.

"टोप द्यायला आलो," श्यामदादा म्हणाले.

"रिकामा नाय ना?"

"नाही."

तिने झाकण उचललं. जाळं कोंडलेलं होतं, ते एकदम फुगून वर आलं. प्रेमाने त्यावर नुसता हात ठेवला. मग आत बघून हाक मारली, "अवो, बाहेर या." आणि दादांना म्हणाली, "बसा, दादा. चहा ठेवते." तिचा आवाज जरा घोगरा झाला होता, पण तांदळाची धूळ असते.

चंद्रप्रकाशला पहिल्याच सुट्टीला रावस मिळाला. श्यामदादा बांधावर हजर होते. त्यांनीच कात्री काढून पात कापली, आणि मग चंद्रप्रकाशने जाळं फेकताना कोपर कुठे चुकतं ते संध्याकाळपर्यंत त्याला सांगत राहिले. येणाऱ्या जाणाऱ्याने त्यांना काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी प्रेमाकडून टोप आला. वर अर्धी शेपटी. श्यामदादांनी ती बोटाने चाचपली, कापलेली कड बघितली, आणि मगच ताट पुढे ओढलं.

टोप परत द्यायची वेळ आली तेव्हा घरात दुसरं काही गोडधोड नव्हतं. शांताबाईंनी तो पाचवा लाडू टोपात टाकला आणि गल्लीतून निघाल्या. खट्, खट्, खट्, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दारोदारी माणसं बसली होती. कुणी मान वर केली नाही.